पाच हजार चाळीस

डेव्हनमधल्या त्या मनोऱ्यात सात घंटा,
सात दोर, सात माणसं.
एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही;
असे पाच हजार चाळीस.
तीन तास. मध्ये पाण्याचा घोटही नाही.

एनिड लस्कम पाव भाजते. ती म्हणते, गुणी आकडा.
पाहुणा एक येवो की दहा,
वाटे सारखे पडतात, चुरा उरत नाही.
अकरा आले की मात्र बिनसतं: दोन उरतात.
बाराशी पुन्हा गोडी.

एकपासून सातपर्यंत गुणत चढा,
नाहीतर नुसतेच सात, आठ, नऊ, दहा गुणा,
पोचाल तिथेच,
असं टॅपस्कॉट सुतार सांगायचा,
बाहीवरचा भुसा झटकत.

फेब्रुवारीत टॅपस्कॉट गेला.
त्याचा दोर खुंटीला.
रविवारी सहाजण उभे राहिले.
मला वाटलं, सातातला एक कमी,
सातवा हिस्सा जाईल.

सातशे वीस उरले.
पंचवीस मिनिटांत संपले सगळे क्रम.
जाताना एकट्याने
सातातले सहा हिस्से नेले.

एनिडने दोर सोडला नाही बराच वेळ.
मग म्हणाली,
इतक्या लवकर घरी जाऊन
करायचं काय?