निळा, पिवळा, हळूहळू अंधार

ऑड्राने कागदावर लिहून दिलं होतं:
धुकं – निळा प्रकाश. लिअँडरकाका – पिवळा.
शेवट – हळूहळू अंधार.
आमच्या हॉलला बटणं दोन,
एक दिव्यांचं, एक चहाच्या भांड्याचं.
मी मान डोलावली.

एकोणीस वर्षांनी ती न्यूफाउंडलंडच्या या टोकाला उतरली,
अकॉर्डियन पोटाशी, आजारी मांजर धरावं तसं.
टोरंटोत म्हणे अंगभर खवले चिकटवून
तीन तास नुसती उभी राहायची, आणि लोक तिकीट काढायचे.
आम्ही तेच केलं जन्मभर, मासळीच्या कारखान्यात,
तेही तासाच्या हिशोबाने.
(हे मी नाही, एल्फ्रीडा म्हणाली. पण मोठ्याने म्हणाली.)

पिकतं तिथे विकत नाही.
पहिल्या दोन विनोदांना फक्त पाद्री हसला,
आणि तो परगावचा.

मग तिने काकाची गोष्ट काढली.
दाट धुकं. काका पायरीवर, मांडीवर बंदूक.
समोर पांढरं काही हललं, त्याला वाटलं अस्वल.
झाडली गोळी.
धुकं विरलं, तर दोरीवर त्याचीच लोकरी चड्डी,
बुडाला एक भोक.
ऑड्रा थांबली. तिची थांबायची जागा असणार ती,
शहरात तिथेच छप्पर उडत असणार.
आमच्यात कोणीतरी खोकलं.

तिसऱ्या रांगेतून व्हर्ना उठली, पर्स छातीशी:
"एक नाही, तीन. धुणं मी वाळत घातलं होतं, मला विचार."
"चार!" मागून कोणी.
"त्यातली एक आमच्या खुराड्यात घुसली!"
"आणि अस्वल होतंच की गं, धक्क्यावर, दुसऱ्या दिवशी..."
मग जी खसखस पिकली,
खिडकीच्या काचा थरथरल्या.

ऑड्रा मंचाच्या कडेला बसली, पाय खाली सोडून,
आपलीच गोष्ट पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी.
"मग काका काय म्हणाला?"
"काय म्हणणार? तीच घालून चर्चला गेला.
म्हणाला, हवा खेळती राहते."

शेवटचं गाणं तिने स्वतः रचलेलं,
कॉड बंद झाला त्या वर्षाचं.
त्यात आमच्या बोटींची नावं, एकामागून एक.
लिअँडरची बोट तिने गाळली.
या वेळी चूक कोणी काढली नाही.
व्हर्ना पर्सची कडी उघडत राहिली, मिटत राहिली.

हळूहळू अंधार, असं कागदावर होतं.
माझ्याकडे हळूहळू नाही.
चाचपडत बटण दाबलं, ते चहाचं.
भांडं गुरगुरायला लागलं
आणि कोणीतरी, तेवढ्यावरच,
टाळ्या सुरू केल्या.