पुसणे

बर्मिंगहॅमच्या टीव्ही स्टुडिओच्या तळघरात
माझं काम पुसायचं होतं.
एकोणीसशे बहात्तर. रात्रपाळी.
वर दिवे, मेकअप, पाहुणे,
खाली मी आणि विल्फ ऑकेंडन
आणि दोन इंच रुंदीची टेप.
एकेक रीळ दहा किलोचं,
कडेवर घेतलं तर झोपलेल्या पोरासारखं
आणखीच जड लागायचं.

मिरजेत मी रेडिओ दुरुस्त करायचो.
इथलं मशीन कपाटाएवढं,
त्यात एका चाकावर चार डोकी,
ब्रह्मदेवाला असतात तेवढीच,
सेकंदाला अडीचशे वेळा फिरणारी.
त्यांची बारीक शीळ
घरी उशीत तोंड खुपसलं तरी ऐकू यायची.

टेप महाग. एक रीळ म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार.
कार्यक्रम दाखवून झाला की डब्यावर लाल शिक्का,
आणि डबा खाली माझ्याकडे.
विल्फने पहिल्याच दिवशी सांगितलं,
घड्याळ काढून ठेव,
हे लोहचुंबक वेळसुद्धा पुसतं.

एक अख्खं नाटक पुसलं. त्यातली म्हातारी
मरायला अजून दोन अंक होते.
बागकामाचे सव्वीस भाग.
पुराच्या बातम्या, पूर ओसरल्यावर.
शाळेत थुंकी लावून पाटी पुसली
तर मास्तर हातावर छडी मारायचे.
इथे कोणी मारत नव्हतं.
वहीत सही करायची फक्त: डी. गद्रे.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये एक बाई आल्या,
क्रॅडली हीथच्या. ईनिड थॉर्ली.
पर्सवर दोन्ही हात ठेवून बसल्या.
नवरा होरेस, साखळ्या घडवायचा,
जहाजांच्या नांगराच्या.
तीन मिनिटं टीव्हीवर दिसला होता एकदा.
घरचा सेट नेमका त्याच दिवशी बिघडलेला.
गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं, म्हणाल्या,
मी सोडून. आता तो नाही.
म्हणून पुसायला आले.

त्या इंग्रजीत बोलल्या, अर्थात.
मला ते मराठीत ऐकू आलं.
आमची आजी विचारणे म्हणायचीच नाही,
पुसणे म्हणायची.

वही काढली. तारीख सापडली.
सही माझीच, अक्षर जरा घाईचं.

त्या काळी टेप ब्लेडने कापून जोडायचे.
टेपवर चित्र दिसत नाही,
दोन्ही बाजूंनी नुसती तपकिरी.
मग लोखंडाची पूड मिसळलेला एक थेंब टाकायचा,
की चुंबकाच्या रेघा वर येतात
आणि कुठे कापायचं ते कळतं.
टेबलाखालच्या टोपलीत असल्या तुकड्यांचा गुंता.
एक उचलला, वीतभर. थेंब टाकला.
रेघा आल्या. बारीक, समांतर.
कुणीतरी होतं तिथे.
हवामानवाला असेल. घोडा असेल एखादा.

पुसून कोरडा केला, पाकिटात घातला.
यात तो आहे का? बाईंनी विचारलं.
मी हो म्हणालो.
कपाळाला लावावं तसं त्यांनी पाकीट
गालाला लावलं क्षणभर.
विल्फ दारात उभा होता, बोलला नाही.
रात्री सँडविच खाताना एवढंच म्हणाला,
तुझं घड्याळ अजून टेबलावरच आहे.

पुढे टेप एक इंचाची झाली,
मग कॅसेट, मग कॅसेटही गेली.
आता नातीकडे नखाएवढं कार्ड आहे,
त्यात आख्खं तळघर मावेल.
ती बसमध्ये बसल्या बसल्या अंगठ्याने
फोटो उडवत असते, पन्नासाने, शंभराने.
आजोबा, घाबरू नका, म्हणते,
तीस दिवस कचरापेटीत राहतात.

तीस दिवस पुष्कळ झाले.

कधी कधी वाटतं, क्रॅडली हीथला जावं,
थॉर्लींचं कोणी आहे का पुसावं.
आणि असलंच कोणी,
आणि त्यांनी ते पाकीट समोर ठेवून
मलाच काही पुसलं, तर?

बस नंबर नऊ जाते तिकडच्या बाजूला.
मी थांब्यापर्यंत जाऊन आलोय दोनदा.