दुसरी सही

तिजोरी त्यांनी नेली नाही.
भिंतीत चिणलेली, चौघांना न हलणारी.
आता तिच्यात मी मोबाइलची कव्हरं ठेवतो,
काळी, गुलाबी, सशाच्या कानांची.

इझमीरच्या धक्क्यावर, समुद्राकडे तोंड करून
याच गाळ्यात कंपनी होती.
निळी पाटी, जड काचेचं दार,
आणि ऑगस्टमध्येही शाल घ्यावी असा गारठा.
मी सोळा वर्षांचा, चहा आणायचो.
कंपनी तिकिटं काढून द्यायची, हॉटेलं ठरवायची,
पैसे घेऊन पैशांचे कागद द्यायची,
शिवाय परक्यांची पत्रं सांभाळायची:
अमुक प्रवासी, द्वारा कंपनी, इझमीर.
आम्हाला कोणी पत्र लिहीत नसे.
आम्ही घरीच असायचो.

काउंटरमागे मुअल्ला हानिम.
त्यांचं काम म्हणजे दोन सह्या.
एक माणसाने आपल्या गावात केलेली, चेक विकत घेताना,
दुसरी इथे, त्यांच्या डोळ्यांदेखत.
जुळल्या तर पैसे.
"नाव कोणीही लिहील," त्या म्हणायच्या,
"वळण चोरता येत नाही."
घरून निघालेला आणि इथे पोचलेला
माणूस एकच आहे ना, एवढंच बघायचं,
आणि दिवसातून चाळीसदा हो म्हणायचं.

आमच्या पैशाचं तेव्हा काय सांगावं.
सकाळचा चहा संध्याकाळी महाग.
नोटेवर इतकी शून्यं, की दुकानदार
शेवटची तीन बोलतच नसत.
कंपनीच्या चेकवर मात्र तेच पन्नास, तेच शंभर.
मला वाटायचं, श्रीमंती म्हणजे हीच:
रात्री ठेवलेला आकडा
सकाळी त्याच जागी सापडणं.

एकदा एक डच म्हातारा आला, उन्हाने लाल.
चेक बायकोच्या सहीचे.
बायको सेल्चुकच्या हॉस्पिटलात परवाच गेलेली.
मुअल्ला हानिमनी नियम सांगितला.
त्याला इंग्रजी कळत होतं, नियम कळत नव्हता.
पेन हातात धरून तो नुसता उभा.
मग त्या उठल्या, खिडकीपाशी जाऊन
कार्शियाकाहून येणारी बोट बघत राहिल्या,
बराच वेळ.
बोट त्या वेळी नसतेच.
परतल्या, दोन्ही सह्या नीट ताडून पाहिल्या,
शिक्का मारला.

तीन महिन्यांनी वरून पत्र आलं.
अकरा हप्त्यांत पगारातून कापून घेतले.
त्यांनी कुठे ब्र काढला नाही.
मला एवढंच कळलं, की रोज दुपारी
तिळाच्या सिमीतचा अर्धा तुकडा मला मिळायचा
तो बंद झाला.
मी रागावलो होतो. अजून आठवतं, किती रागावलो होतो.

पुढे सरकारने नोटेवरची सहा शून्यं पुसली,
आणि कोणत्याशा वर्षी कंपनीने पाटी उतरवली.
देशातून गेलो नाही, असं त्यांचं म्हणणं.
खरंच असेल. कार्डात असतील, फोनात असतील,
माझ्या गल्ल्याशेजारच्या यंत्रातही असतील,
जे चार आकडे विचारतं
आणि मान वर करून बघत नाही.

गेल्या शरदात एक मुलगी आली दुकानात.
आजोबांच्या कोटात सापडलेला चेक, पन्नास डॉलर,
वरची सही झालेली, खालची रेघ कोरी.
"याला मुदत नसते ना?" म्हणाली.
चेकला नसते, मी म्हटलं, आणि शटर ओढलं.

मुअल्ला हानिम चौथ्या मजल्यावर राहतात, पलीकडच्या काठाला.
मोतीबिंदू काढलेले डोळे. चेक दिव्याशी धरला.
"घाईत केलीय. गाडी सुटत असणार."
मुलगी हसली, मग तिचं तिलाच काही झालं.
त्या हळूच उठल्या, भिंतीला धरत
खिडकीकडे निघाल्या.
मी खिशातलं पेन पुढे केलं.
पैसे कोण देणार
हे तिघांपैकी कोणी विचारलं नाही.
त्या दिवशी बोट खरंच येत होती.