तर्जनीचे पाच टक्के

नवा तक्ता आला तेव्हा
मी युनियनच्या खोलीत वर्गणीच्या पावत्या लावत होतो.
लांडेवाडीत, टायरवाल्याच्या डोक्यावर आमची खोली.
जिन्याला कठडा नाही. कामगारांच्या सुरक्षेबद्दल
इथं बोलायला येणारा प्रत्येकजण भिंत धरून चढतो.

तांबोळीनं चष्मा कपाळावर सारून वाचलं:
उजवी तर्जनी, संपूर्ण. चौदा होते, आता नऊ.
करंगळी साडेतीन.
अंगठ्यासाठी उपसमिती नेमली आहे.

माझी तर्जनी दीडशे टनी प्रेसखाली गेली,
तिसरी पाळी, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं.
सेन्सरची वायर सुपरवायझरनंच काढून ठेवलेली,
नग कमी पडतात म्हणून.
ग्लोव्हमधून बोट काढलं नाही कुणी.
ग्लोव्हसकटच वायसीएमला आणलं, डब्याच्या पिशवीत.

चौदा टक्क्यांत एक शिलाई मशीन आली
आणि थोरलीची अकरावी निघाली. खोटं कशाला बोलू.
पण हे पाच टक्के नेमके कुठले कापले,
ते मला अजून कळत नाही.
नखाचे?
शर्टाचं वरचं बटण लावायचे?
का कॅरमचे? शॉपमध्ये माझ्यासमोर बसायला
वेल्डिंगवाले घाबरायचे,
आता मधल्या बोटानं मारतो, आणि नातेवाईक
मुद्दाम हरतात.

गेटवर पत्रकं वाटली, दुपारी तीनच्या पाळीला.
कायमचे घेतात. कंत्राटी पोरं
कॅमेऱ्याकडं बघून पुढं जातात.
एकानं घेतलं, चार घड्या घातल्या, बुटात सारलं
आणि लंगडल्यासारखा आत गेला.
पर्सोनेलचे साहेब बाहेर आले. म्हणाले,
तुम्ही तर बोटावर मोजण्याइतके.
तांबोळी म्हणाला, मोजा की साहेब,
फक्त कुणाच्या बोटांवर, ते आधी ठरवा.

सह्यांनी काही होत नाही, असं सुमित्रा बनपट्टे म्हणाली.
ती मोल्डिंगची. डाव्या हाताची दोन बोटं
बादलीच्या साच्यात.
ती घरोघर गेली, मुलांच्या वह्यांची कोरी पानं घेऊन:
हात ठेवा कागदावर, पेन्सिल फिरवा भोवती.
बालवाडीत काढतात तसा.
बायका आधी हसल्या. मग पदराला हात पुसून
ठेवला एकेकीनं.

बिरेंद्रला पेन्सिल धरता येत नाही.
त्याचा हात त्याच्या पोरानं काढला, जीभ बाहेर काढून,
मन लावून.
पाच बोटं काढली.
मग बापाच्या हाताकडं बघितलं,
आणि खोडरबर मागितला.
खोडलं, तरी ओरखडा राहिलाच कागदावर.
सुमित्रा म्हणाली, राहू दे. दुसरं पान नको.

तीनशे बारा हात झाले.
वाकडेवाडीला, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात
आवकच्या टेबलावर ठेवले.
बाईंनी ओल्या स्पंजाला बोट लावून
नोटा मोजतात तसे मोजायला घेतले,
पंधरा-वीस झाल्यावर वेग उतरला.
मग त्यांनी स्पंज बाजूला सरकवला
आणि एकेक पान उचलून ठेवू लागल्या, काठाला धरून.
शिक्का दिला. आवक क्रमांक दिला.
साहेब दौऱ्यावर होते. एकोणीस तारखेला या.

एवढंच झालं. कुणी विचारलं तर एवढंच सांगतो.

परतीच्या बसला गर्दी.
नाशिक फाट्याच्या अलीकडं कंडक्टर ओरडला,
भोसरी किती?
तांबोळी, सुमित्रा, बिरेंद्र, त्याचं पोरगं, मी.
माणसांच्या डोक्यांवरून मी उजवा पंजा वर केला,
पुरता उघडून.
त्यानं चार तिकिटं फाडली.

पाच, म्हणालो.
त्याला ऐकू गेलं नाही.
पाच हो, पाच.