एकास पस्तीस

खोक्यावर धुरळा उडवत रणगाडा चाललाय,
आत मात्र राखाडी प्लास्टिकच्या चौकटी,
देठाला कैऱ्या लोंबाव्यात
तसे लोंबणारे भाग.
कुंदा म्हणाली, एवढ्या पैशात मिक्सर आला असता.

बरोबर आहे तिचं.
पण खडकीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
हाच गाडा मी उघडला, पुसला, मिटला.
पन्नास टनांवर होता तेव्हा.
आता जिऱ्याच्या पुडीएवढं वजन
आणि हात थरथरतो.

लोणावळ्याची लोकल गेली की टेबल हलतं.
तेवढा वेळ चिमटा हवेत धरून थांबायचं.
मग पुन्हा पट्ट्याची पुढची कडी.
एका बाजूला एकशे आठ.
जप झाला का, कुंदा विचारते.
सदुसष्टवर आहे, बोलू नको.

सोबतच्या कागदावर लिहिलंय गंज कुठे कुठे द्यायचा.
हसू येतं.
गंज काही फुलं उधळल्यासारखा सगळीकडे नसतो,
पाणी साचेल त्या कोपऱ्यात तो घर करतो.
चढायच्या जागी मात्र रंग उडतो
बुटांनी, आणि पोलाद चकाकत राहतं.
रोज कुणी पाय देतं तिथे गंज धरत नाही.
चौतीस वर्षांत एवढं कळलं.
पेन्शनचा हिशोब अजून कळलेला नाही.

उरलेल्या चौकटीचा दांडा निरांजनावर धरला,
मऊ पडताच ओढला:
केसाएवढी तार. एरियल झाली.
(निरांजनावरून बोलणी खाल्ली.)
दापोडीच्या पुलाखालून मुळेचा गाळ आणला,
वाळवला, चहाच्या गाळणीतून गाळला.
(गाळणी नवी आणून दिली.)
तो काळाच. आणि ते गाडे परत आले तेव्हा
पट्ट्यांत अडकलेली माती पिवळट होती,
तिच्यात गव्हाची मुळं होती.
चिमूटभर पिवडी घातली.
जमलं, म्हणजे जमल्यासारखं.

बाहत्तरच्या मार्चात एक आला.
बुरुजाच्या उजव्या अंगाला भोक,
मनगट जाईल एवढं, कडा आत वळलेल्या.
मी बावीसचा.
आत उतरलो. सगळं आधीच कुणीतरी धुतलेलं.
फक्त गोळे भरणाऱ्याच्या बाजूला,
पांढऱ्या रंगावर, पेन्सिलीने, तिरकं:
साबुन
ब्लेड
बाबूजी का चश्मा

पहिल्या दोन्हींवर काट होती.

परेरा फोरमन वरून वाकले,
पांढरा मार रे, संध्याकाळी दुसरा यायचाय.
मारला. दोन हात.
पहिल्या हातानंतर चश्मा दिसत होता अजून.

काल बुरूज बसवायची वेळ आली.
कबीर फोनवर म्हणाला, आजोबा, भोक पाडा ना,
सुई तापवा, एकदम खरं दिसेल.
बघू, म्हटलं.
नाही पाडलं.

बुरूज तळहातावर उताणा घेतला,
आतून पांढरा दिला, वाळू दिला.
रविवार पेठेतला सगळ्यात बारीक ब्रश,
त्याचेही केस कापून तीनच ठेवलेले,
त्याने एक ओळ लिहिली.
या मापात अक्षर म्हणजे मोहरीवरचा ओरखडा.
भिंगातून मलाच वाचता आली नाही.

कुंदा स्वतःचा चष्मा लावून वाकली.
बराच वेळ बघत राहिली.
काही नाही दिसत, म्हणाली, पांढरंच आहे.
आतून पांढराच असतो, मी म्हणालो.

गोंदाची नळी उघडली
तर लांबून गाडीचा भोंगा.
दोघंही थांबलो,
टेबलाच्या कडा धरून.