ओल

लोटन आबांचा हात कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत जायचा,
मधला कापूस मुठीत घेऊन बाहेर यायचा
आणि डोळे मिटून आबा सांगायचे : बारा टक्के.
पुढे यंत्र आलं. त्यानंही बाराच सांगितलं.
धरणगावच्या जिनात चाळीस हंगाम
वरच्या पांढऱ्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही.

मी त्यांची मुलगी.
सकाळचे साडेनऊ, आणि माझा हात
पृथ्वीच्या पाठीमागे, जिथे मध्यरात्र आहे,
पाच हजार मीटर उंचीवरच्या वाळवंटातून
ज्येष्ठेशेजारच्या काळोखात शिरलेला.

काल धाब्यावर तोच काळोख आबांना दाखवला.
"तठे तं काहीच नही."
तिथे धूळ आहे, आबा,
मागच्या सगळ्या चांदण्या झाकून बसलेली,
उणे दोनशे साठच्याही खाली गारठलेली.
(एप्रिलात रात्री अकरालाही धाब्याची माती तळवे पोळते,
आणि ही पोर गारठ्याचा अभ्यास करते,
गल्ली हसते.)
इतक्या थंडीत वायूला पसरायचं बळ उरत नाही.
तो आपल्याच वजनाने बसत जातो, आत, अजून आत,
प्रेसमध्ये गासडी बसते तसा,
फक्त दाबणारं कुणी नसतं.

डोळ्याला अंधार देणारी ती धूळ
राजगिऱ्याच्या दाण्याहून आखूड लहरींत उजळते.
साडेचारशे वर्षं चालून आलेली लहर,
आणि शेवटच्या दोन-चार कोसांत
हवेतली वाफ तिला पिऊन टाकते.
म्हणून ते वाळवंट. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा,
साऱ्या आभाळाचं पाणी, मिलिमीटरमध्ये :
शून्य पूर्णांक सहा. एक. दोन पूर्णांक तीन.
निरीक्षण थांबलं.

चहा घेऊन मागे उभे आबा.
"ओल वाढनी?"
मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

मग परवाचा डाग उघडला,
पुसट, कडेला विरलेला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ह्यामा सरकी शे का?"

तीन महिने लिहिलेल्या माझ्या अर्जातला
हाच प्रश्न, चौदा पानांचा.
माहीत नाही, आबा. कधी आत तारा धरलेला असतो,
कधी नुसताच कापूस.

अंगठा आणि तर्जनी ते हवेतच चोळत राहिले,
काहीतरी चिमटीत आहे असे.
"कोरडं व्हऊ दे. मंग देख."

साडेअकराला आकडा एक पूर्णांक नऊ होता.