नळी धरणारा

पुएर्तो मोंतच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
माझं काम नेमकं काय, मला धड सांगता येत नाही.
बिल्ल्यावर लिहिलंय : आत्मिक सोबत.
नर्सा म्हणतात, प्रार्थनावाली बाई.

एलिसेओनं पहिल्याच दिवशी दारात हात आडवा धरला.
"देवाचं काही नको. पोरीला ताप आहे."
बरं, म्हटलं,
आणि खुर्ची ओढून बसले.
खुर्चीचा एक पाय आखूड होता.

रायेन सात वर्षांची.
भुवया गेलेल्या, त्यामुळे
तिला कशाचंही नवल वाटेनासं झालंय असं दिसायचं.
आई बेटावर, तान्ह्याला घेऊन;
संध्याकाळी फोनमध्ये आधी कोंबड्या, मग आई.

नवव्या रात्री तो आपणहून बोलला.
"मी बुडी मारतो. शिंपल्यांसाठी. वीस मीटर.
दातांत हवेची नळी,
दुसरं टोक होडीवर, पंपाला.
आणि नळी हातात धरून माझा मेहुणा."
तो काय करतो?
"काही नाही. धरतो.
त्याला खाली येता येत नाही, पोहताच येत नाही गाढवाला.
पण नळी कुठं अडली तर
माझ्याआधी त्याच्या बोटांना कळतं.
एक हिसका म्हणजे, आहे मी.
दोन म्हणजे, ओढ."
जरा थांबून :
"एकदा तास-दीड तास पावसात उभा होता, मला शिव्या घालत.
तिला तुम्ही प्रार्थना म्हणत असाल, तर म्हणा."

मग तो सलाईनच्या नळीकडे बघत राहिला,
दोन बोटांत हलकेच धरून,
थेंब मोजत नव्हता, नुसता धरून.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या
आणि फार सावकाश बोलल्या.
सावकाश बोलणं हीच बातमी होती.
माझ्या खिशात स्तोत्रांचं पुस्तक होतं, घामानं मऊ झालेलं.
मी ते काढलं नाही.
चूक की बरोबर, अजून ठरत नाही.

पहाटे, कॉफीच्या यंत्रापाशी,
नाणं आत अडकलेलं, यंत्र घरघरत होतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरली
आणि हिसका दिला.
मी वाट पाहिली.
दुसरा.

मी ओढायला लागले.
किती खोल, कुठून, कुणाला,
काही ठाऊक नव्हतं.
मलाही पोहता येत नाही.